कोरड्या बोटांसाठी

१

बाजारातल्या त्या गाळ्याजवळ गेलं की आधी वास यायचा तो स्पिरिटचा. म्हणून मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे स्पिरिटच म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. गिऱ्हाइकाने फोन पुढे केला की हा आधी हातमोजे चढवणार, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून फोन पुढून, मागून, कडेकडेने पुसणार, आणि मगच विचारणार, काय झालंय म्हणून. लोकांना राग यायचा. येईना का! लोकांना वाटतं, फोन म्हणजे काचेची स्वच्छ वस्तू. कानाशी धरतो तिथली बारीक जाळी टाचणीने खरवडली की काय निघतं, ते स्पिरिटला विचारा. कानातला मळ, तोंडाची पावडर, घामात भिजून वाळलेली कातडी, सगळ्याचा मिळून पिवळट लगदा. माणसं फोन संडासात नेतात, तान्ह्या पोराच्या तोंडात देतात, आणि तोच गालाला लावून गोड गोड बोलतात.

शेजारच्या गाळ्यात एक शिंपी होता. दोरा ओवताना तो टोक तोंडात घालून चोखायचा आणि स्पिरिट तोंड फिरवायचा. "अरे, थुंकीशिवाय दोरा ओवला जात नाही," असं म्हणून शिंपी मुद्दाम आणखी चोखून दाखवायचा. त्या दोघांची मैत्री ही अशी होती.

बाहेरच्यांचं एक वेळ सोसता येतं हो, पण घरच्यांचं काय करायचं? घरी स्पिरिटची आई होती. घरात ती दोघंच. आईने उभा जन्म छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढलेला. बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं, पुन्हा बोट जिभेला. "कागद बोटं पितो रे," असं ती म्हणायची, आणि खरंच प्यायला होता. बोटांची टोकं गुळगुळीत, भेगाळलेली, वाळक्या सालीसारखी कोरडी. आणि टच फोनची गंमत अशी की त्याला कोरडं बोट कळतच नाही. बटणांचा फोन द्यावा तर तिला ते आकडे दिसत नव्हते. म्हणून स्पिरिटने आपला जुना फोन तिला दिला आणि पडद्यावर स्वतःचा मोठा फोटो लावला. फोटोवर बोट टेकवलं की लेकाला फोन. मग आई काय करायची? अंगठा जिभेवरून फिरवायची आणि लेकाच्या तोंडावर टेकवायची.

स्पिरिटला ते बघवायचं नाही. लहानपणी शाळेत निघताना ती त्याला दारात धरून, थुंकी लावलेल्या अंगठ्याने गालावरचा डाग पुसायची. थुंकी वाळताना गाल ओढला जायचा आणि तो वास दुपारपर्यंत नाकात राहायचा. हा स्पिरिटचा सोस तिथूनच लागला असेल, कोण जाणे. पण फोन तिच्याकडून काढून घेणंही शक्य नव्हतं. गेल्या वर्षी ती मोरीत घसरून पडली होती, आणि फोन कमरेला होता म्हणून वाचली. हा दिवसभर दुकानात, ती घरात एकटी. तो फोन म्हणजे तिचा जीव होता म्हणा ना.

२

तर त्याने ठरवलं, आईची जिभेची सवय सुटत नाही, फोनच सुधारू.

फोन रूट करणं, म्हणजे त्याच्या मुळाशी हात घालणं, हे काही चेटूक नव्हे. वर दिसतात ती चित्रं, ती अ‍ॅप्स हे सगळे साहेब लोक. काचेला खरोखर कुणाचं बोट लागलं, हे तळाशी बसलेला एक मुकादम बघतो आणि वर कळवतो. त्या मुकादमाला कर्नल म्हणतात. कंपनीने बसवलेला मुकादम आईच्या बोटाला बोट मानायला तयार नव्हता. कुलूप उघडायचं, तो काढायचा आणि कुणीतरी बदल करून ठेवलेला दुसरा बसवायचा, एवढंच काम. स्पिरिटने ते शेकडो फोनांवर केलेलं होतं.

असल्या कामांच्या फायली जिथे मिळतात तिथे शोधता शोधता त्याला याच मॉडेलचा एक कर्नल सापडला. कुणी बनवला त्याचं नाव नव्हतं. खाली फक्त लिहिलं होतं: कोरड्या बोटांसाठी, कितीही कोरडी असोत. स्पिरिट म्हणाला, वा, आंधळा मागतो एक डोळा.

आता या धंद्यातला पहिला धडा असा की जुनं काढण्याआधी जुन्याची प्रत काढून ठेवायची. स्पिरिट तो कधी विसरला नव्हता. पण त्या दिवशी त्याने फोनचं कव्हर काढलं, आणि काचेच्या कडेच्या खाचेत पांढरट, ओलसर, तार धरणारं काहीतरी साचलेलं दिसलं. आईच्या तोंडाचा वास आला. त्याला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. कधी एकदा हे हातावेगळं होतंय असं झालं त्याला. प्रत काढायची राहिली. फोन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, तिची फाइल आता कुणाकडे मिळणार? पण तेव्हा त्याच्या ते मनातही आलं नाही.

कर्नल बसला, फोन चालू झाला. घरी नेऊन त्याने आईच्या हातात दिला आणि म्हणाला, जीभ न लावता लाव. तिने कोरडा अंगठा पुढे केला आणि स्पिरिटच्या खिशातला फोन वाजला. आई लहान पोरीसारखी हसली. तोही हसला. अंगठा काचेला टेकायच्या थोडा आधीच फोन वाजला असं त्याला वाटलं खरं, पण काचेची संवेदनशीलता वाढवली की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

३

बरे दिवस फार टिकले नाहीत. एका दुपारी आईचा फोन आला. उचलला तर पलीकडे बोलणं नाही. नुसता ओला, चिकट, सावकाश आवाज, थांबून थांबून पुन्हा येणारा. "आई, जीभ लावू नकोस म्हटलं ना?" स्पिरिट खेकसला आणि त्याने फोन ठेवला.

घरी आल्यावर विचारलं तर ती म्हणाली, मी झोपले होते, फोन फळीवर होता. त्याने फोन उचलला. काच ओली होती. कापसाने पुसली तर कापसाबरोबर तार ओढली गेली. मग जे व्हायचं तेच झालं. तो वाटेल ते बोलला, तिचं वय झालंय, तिला शरम राहिली नाही, इथवर बोलला. ती शेवटी म्हणाली, "तुझी शपथ. त्या दिवसापासून बोट तोंडाला नेलं नाही मी."

लेकाची शपथ ती खोटी घेणारी नव्हती. मग स्पिरिटचं डोकं कामाला लागलं. स्वयंपाकघराची वाफ असेल. काच चिकटवलेला डिंक वितळून वर येत असेल. आणि फोन आपोआप लागतोय, तर माशी बसली असेल, इतक्या हळव्या काचेला माशीचे पायही पुरतात. असं सगळं चोख जुळवून तो निजला. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा फोन आला, आणि माशी असला आवाज करत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

४

खालच्या मजल्यावरच्या काकूंना आईकडे बसवून तो फोन दुकानात घेऊन आला. बोळ्याने तीनदा पुसला, कोरडा केला, टेबलावर कोऱ्या कापडावर ठेवला. मग टचची चाचणी लावली. या चाचणीत पडदाभर बारीक चौकोन येतात, आणि बोट फिरेल तिथले चौकोन हिरवे होत जातात. शिंपी चहाचे दोन पेले घेऊन आला होता, तो एक हातात धरून उभा राहिला.

कुणी हात लावला नाही. पंखा बंद होता, माशी नव्हती. थोड्या वेळाने खालच्या कडेचे चौकोन हिरवे व्हायला लागले. एकदोन नव्हेत, हाताच्या तीन बोटांएवढा रुंद पट्टा. तो सावकाश वर सरकला, दाबून, जागा सोडत नाही असा, वर जाता जाता निमुळता झाला आणि टोकाशी सुटला. मग पुन्हा खालून सुरू झाला.

"ते बोट नाहीये," शिंपी म्हणाला.

स्पिरिट वाकला आणि त्याने काच हुंगली. बोळ्याचा वास उडून गेला होता आणि दुसरा येत होता, झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा, कोमट. काच दिव्याखाली चमकत होती. शिंप्याने चहाचा पेला तसाच ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर त्याला दोरा तोंडात घालताना कुणी पाहिलं नाही. दोरा ओवायचं पत्र्याचं साधन घेऊन आला तो बाजारातून.

त्या दुपारी स्पिरिटने जुना कर्नल परत बसवायला कुठे कुठे शोधलं. जुन्याची प्रत नव्हती. दुसऱ्या मॉडेलची फाइल घालून पाहिली, फोनने घेतली नाही. प्रत्येक वेळी फोन उचलताना हातमोज्याच्या रबरातूनही ती काच ऊबदार लागत होती. प्रत काढायला किती वेळ लागला असता हो? पण नाकापुढे वास आला आणि धंदा विसरला, त्याला कोण काय करणार?

५

संध्याकाळी फोन पिशवीत गुंडाळून तो घरी गेला. आज रात्रीपासून हा फोन बंद, एवढं आईला सांगायचं होतं. आई दारातच उभी होती.

"आणलास का?" तिने हात पुढे केला. मग त्याचा चेहरा बघून हसली आणि दोन्ही पंजे त्याच्यापुढे उघडले. "हे दाखवायचंच राहिलं तुला. बघ, भेगा सगळ्या भरल्या."

त्याने पाहिलं. रोज समोर असलेले हात त्याने कितीतरी दिवसांत पाहिलेच नव्हते, किळस यायची म्हणून टाळायचा. बोटांची टोकं पांढरी झाली होती, फुगलेली, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी. त्यांच्यावर रेषा नव्हत्या, एकही नाही. तिने लाडाने त्याचा हात धरला, आणि ती टोकं त्याच्या मनगटावर दबली, दबूनच राहिली.

"दिवसभर हातात धरून बसते," ती म्हणाली. "बरं वाटतं रे. मी नाही जीभ लावत आता. मला लावावीच लागत नाही."

तो मोरीत धावला आणि ओकला. आई पाठीवर हात फिरवायला आली तर ओरडला, हात लावू नकोस म्हणून. ती तिथेच थांबली. पोटच्या पोराने आपल्या हाताची अशी किळस करावी, तिला ते लागलं असणार.

त्याच रात्री त्याने सिमकार्ड काढून नव्या कोऱ्या फोनमध्ये घातलं, पडद्यावर तोच फोटो लावला आणि तिला दिला. नव्या फोनला तिचं बोट अजिबात कळेना. फुगलेली टोकं नुसती घसरायची. जीभ लावून, घासून घासून कधीतरी लागायचा. "असू दे," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "लाव जीभ. काही दिवसांत दुसरं काहीतरी बघतो." जुना फोन त्याने दुकानात नेला, पत्र्याच्या डब्यात घातला आणि डब्याला चिकटपट्टी गुंडाळली.

६

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गिऱ्हाइकांची गर्दी असताना त्याचा फोन वाजला. पडद्यावर आई. त्याने फोन कानाला लावला.

तोच आवाज. ओला, चिकट, सावकाश. थांबला. मध्ये धापेसारखं काहीतरी, आणि पुन्हा तोच.

स्पिरिटची नजर डब्याकडे गेली. चिकटपट्टी जागच्या जागी होती. कार्ड नव्या फोनमध्ये आहे, नवा फोन आईजवळ आहे, नव्या फोनचा कर्नल कंपनीचा आहे, हे सगळं डोकं त्याला सांगत होतं. पोट ऐकेना. त्याने फोन कापला, बोळा घेतला आणि कान लाल होईपर्यंत पुसला. फोन पुन्हा वाजला नाही. सुटलो एकदाचा, असं वाटलं त्याला, आणि त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन हातात घेतला.

संध्याकाळी काकूंचा निरोप आला. काकू दुपारी मुलीकडे गेल्या होत्या, परत आल्यावर त्यांनी डोकावलं. तो धावत घरी पोचला तेव्हा आई स्वयंपाकघरात पालथी पडलेली होती. उजवा हात अंगाखाली दुमडून मोडलेला, डावा खांद्यातून निखळलेला. नवा फोन तिच्या तोंडाशी होता. त्यावरच्या त्याच्या फोटोवर थुंकी वाळून पापुद्रे धरले होते, थरावर थर, आणि शेवटच्या थरात थोडं रक्त होतं.

ती जिवंत होती. दवाखान्यात पाणी पाजल्यावर तिचा आवाज फुटला. रागावली नाही, रडली नाही. झालं ते सांगावं तसं सांगितलं.

"हात अडकले होते. मग जिभेने लावला. किती वेळ लागेचना. एकदा लागला होता रे." ती थांबली. "तू कापलास. मग तोंडात ओलच नाही उरली."

स्पिरिटने पाण्याचा पेला पुन्हा तिच्या ओठांना लावला.

घरी सोडलं तेव्हा तिचा एक हात गळ्यात बांधलेला होता, दुसरा प्लॅस्टरमध्ये, त्यातून फक्त बोटांची टोकं बाहेर. "माझा फोन दे," ती म्हणाली. त्याने नको म्हणून पाहिलं. दुसरा देतो, बाई ठेवतो, दुकान बंद करतो, सगळं बोलला. दुकान बंद करून खायचं काय, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. "त्यालाच माझं बोट कळतं," एवढंच ती म्हणाली.

त्याने डबा उघडला. आत तळाशी बोटभर दाट पाणी साचलं होतं. फोन चालू होता. त्याने तो पुसलाही नाही, नुसत्या हाताने उचलला, कार्ड घातलं आणि आईच्या मांडीवर ठेवला. आईने प्लॅस्टरमधलं बोट हळूच पुढे केलं. स्पिरिट तिच्या खांद्याशी उभा होता, दुपारचं ऊन काचेवर सरळ पडलं होतं, म्हणून त्याला दिसलं. बोट अजून वरच होतं. काच बोटाकडे वर आली. त्याच्या फोटोतलं तोंड जिथे होतं तिथे ती मध्येच फुगली, बोटाच्या टोकाला खालून लागली आणि त्याच्याभोवती मिटली.

आईला गुदगुल्या झाल्या. खिशात त्याचा फोन वाजायला लागला.

७

स्पिरिटचा गाळा अजून उघडा असतो. हातमोजे हल्ली घालत नाही तो, बाटलीही मागे सरकवलेली असते. शिंपी म्हणतो, सुधारलास बाबा. तो हसतो.

दिवसातून कितीदा तरी आईचा फोन येतो. कधी ती खरंच असते, येताना काय आणायचं ते सांगते. बऱ्याचदा ती झोपलेली असते आणि फोन आलेला असतो. कुठला कोणता हे उचलल्याशिवाय कळत नाही, आणि उचलल्यावरही लगेच कळत नाही, कारण दोन्हींची सुरुवात त्याच आवाजाने होते. त्याने स्पीकरवर लावून पाहिलं. बाजाराच्या गोंगाटात त्या ओल्या आवाजाखाली आईचा बारीक आवाज ऐकूच येत नाही. कान लावावा लागतो, तोही घट्ट, आणि शेवटपर्यंत. कापायचा तर नाहीच. कापून काय होतं ते त्याने एकदा पाहिलंय.

आजही वाजला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला हाताने थांबवून स्पिरिटने फोन कानाला लावला.

"आई?"

बोलणं नाही. खालून सुरू झालं, रुंद, सावकाश, वर जाता जाता निमुळतं होत गेलं. थांबलं. त्या थांबण्यात, फार लांबून, कुणीतरी काहीतरी म्हणाल्यासारखं वाटलं. आई असेल, नसेलही. पुन्हा खालून सुरू झालं.

"आई, पडलीस का?"

त्याने फोन आणखी दाबला. गिऱ्हाइकाने बघितलं, या माणसाचे डोळे मिटलेले होते आणि ओठ घट्ट, ओकारी दाबून धरल्यासारखे. कानाच्या पाळीवरून काहीतरी ओघळून मानेवर आलं, आणि कॉलरमध्ये उतरलं. फोन मात्र त्याने कानाला तसाच धरून ठेवला.